मामांच्या इंजिनातला आवाज

आमच्या धंद्यात एक खोड आहे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याचं काम आधी, आणि घरच्या माणसाचं काम 'घरचंच तर आहे' म्हणून मागे. घरचा माणूस तक्रार करत नाही, उलट गेलं की चहा पाजतो, म्हणून त्यालाच ताटकळत ठेवायचं. मामांना मी नऊ महिने ताटकळत ठेवलं.

मी खेळण्यातल्या रेल्वेची इंजिनं दुरुस्त करतो. 'खेळण्यातल्या' म्हटलेलं माझ्या गिऱ्हाइकांना खपत नाही. ते 'मॉडेल' म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा करतात की समोरच्याने हसू गिळावं. लाँड्रीच्या वरची एक खोली भाड्याने घेतली आहे. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ येते, वर मी आणि माझं भिंग. गेली काही वर्षं सगळ्यांना एकच हवं असतं: इंजिनाला आवाज. जुनं, मुकं डिझेल इंजिन आणायचं, त्याचं टोपण काढायचं, आत नखाएवढी एक पाटी बसवायची. तिला डिकोडर म्हणतात. रुळातून आलेला हुकूम ती ओळखते, मोटर फिरवते, दिवे लावते आणि खऱ्या इंजिनाचा टिपून ठेवलेला आवाज वाजवते. स्पीकर बसतो डिझेलच्या टाकीत. तिथलं वजनाचं शिसं मी कापून काढतो. बायको म्हणते, चाळीस वर्षांच्या माणसाने लोखंडाच्या पोटात भोंगे बसवायचे, याला नोकरी म्हणायचं की आजार.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या लोकांनी त्यांना त्यांच्याच इंजिनाचं मॉडेल दिलं होतं, वीतभर लांब, नंबरही तोच. चौदा वर्षं ते कपाटावर बसून होतं. जानेवारीत मामा ते टॉवेलात गुंडाळून घेऊन आले, माझे जिने धापा टाकत चढले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "याला बोलतं कर."

"करू की. एवढी काय घाई?"

"घाई आहे." त्यांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. "हा तर गेलाच आहे. उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, वर्ष काढेल, फार तर. नस सुकत चाललीये, यंत्र लावूनही उपयोग नाही म्हणाले. एकतीस वर्षं त्या केबिनमध्ये बसल्यावर दुसरं काय होणार! ज्याने कान खाल्ले त्याचाच आवाज एकदा ऐकून घेतो, मग जाऊ देत."

हे ते हसत म्हणाले, आणि मीही हसलो. म्हणजे मला माहीत होतं. 'मला कल्पनाच नव्हती' असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

मग त्यांनी मला कोणता आवाज हवा ते सांगितलं. पळत्या इंजिनाचा आवाज कुणीही ओळखतो, ते म्हणाले, पण त्यांचं इंजिन उभं असताना लंगडायचं. दोन ठोके द्यायचं आणि तिसरा गाळायचं. पहाटे यार्डात सात इंजिनं उभी असली तरी आपलं कोणतं ते डोळे मिटून कळायचं. मी त्यांच्याकडून ते टेबलावर बोटांनी वाजवून घेतलं. असा लंगडा आवाज एकच कंपनी टिपून विकत होती, परदेशात, आणि तीही थोड्याच पाट्या काढायची. मी दोन आठवड्यांत एक मिळवली. तेव्हा माझा उत्साह खरा होता, एवढं तरी लिहून ठेवतो.

पाटी आली त्याच दुपारी मी इंजिन उघडलं. जुन्या मॉडेलात मोटरचा खालचा टोकाचा पत्रा सांगाड्याला टेकलेला असतो. रुळातली वीज सांगाड्यातून थेट मोटरला. मुक्या इंजिनाला ते चालतं. पण डिकोडर बसवायचा तर आधी तो पत्रा सोडवायचा, मध्ये पिवळी टेप लावायची, मग मीटरची एक तार मोटरला आणि एक सांगाड्याला लावून बघायचं. मीटर गप्प राहिला तर पुढे जायचं, बीप वाजली, म्हणजे दोन्ही कुठेतरी टेकलेले आहेत, तर हात मागे घ्यायचा. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हातोडीने ठोकतो. वर्गात मी फार कडक आहे.

त्या दिवशी मी टेप लावली आणि मीटर लावला नाही. मीटर हाताशी होता, अगदी कोपराजवळ. पण टेप लावलीये म्हणजे झालं, असं वाटलं. मामांना संध्याकाळीच फोन करून फोनवरच आवाज ऐकवायचा, असं मनात घोळत होतं. टेपला पत्र्याच्या काठाने बारीकशी चीर पडली होती. इंजिन मी थेट पूर्ण विजेच्या रुळावर ठेवलं. एक टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. पाटीवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा फोड उठला होता.

अशी चूक नवशिक्याने केली असती तर मी त्याला आठवडाभर चिडवलं असतं.

मामांना फोन केला तेव्हा खरं सांगणारच होतो. त्यांनी फोन उचलला आणि पहिलंच वाक्य, "काय, बोललं का ते?" मी म्हणालो, "मामा, पार्टच आला नाही अजून. तिकडूनच उशीर आहे." जीभ अशी सहज वळली की माझं मलाच नवल वाटलं. मामा म्हणाले, "असू दे रे, तुझ्या हातात आहे का ते!" त्यावर तर खरं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

दुसरी पाटी एप्रिलमध्ये आली. आता पुढचं सांगताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझं एक गिऱ्हाईक आहे, दातांचा डॉक्टर. आम्ही दोघं नवरा-बायको त्याला घरात दातवाला म्हणतो. माणूस वाईट नाही, पण डोक्यावर बसतो. त्याच्याकडे त्याच जातीचं इंजिन होतं आणि आठ दिवसांवर क्लबचं प्रदर्शन. तो माझ्या खोलीत उभा असतानाच पार्सल आलं. खोक्यावरचा नंबर त्याने वाचला आणि म्हणाला, "अरे वा, माझ्यासाठीच आलंय जणू." मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. मग मनात आलं, मामांचं काय, घरचंच काम आहे, पुढच्या महिन्यात तिसरी मागवू. दातवाला गेला तर दहा लोकांत तोंड वाजवेल. मामा कुठे वाजवणार? मी खोका त्याच्यासमोरच फोडला. यावेळी मीटर दोनदा लावला. काम इतकं सुरेख झालं की प्रदर्शनात लोक वाकून वाकून ऐकत होते, आणि मी बाजूला उभा राहून शाबासकी घेत होतो.

कंपनीने मग त्या पाट्या काढायचंच थांबवलं. मे गेला, जून गेला. आता 'पार्ट आला नाही' हे वाक्य खरं झालं होतं, म्हणून मी ते जोरात म्हणू लागलो. मामा फोनवर ओरडून बोलायला लागले. मला वाटलं, लाइन खराब आहे. जुलैत ते भलतीच उत्तरं द्यायला लागले. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" तर म्हणाले, "हो हो, मजेत आहे, तीही मजेत आहे." ऑगस्टपासून फोन मामीच उचलायची. "ते जरा बाहेर गेलेत." "आत्ताच डोळा लागलाय." खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. मामीशी खोटं बोलणं मामांशी बोलण्याइतकं जड जात नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी कुठल्या तरी दुकानदाराच्या खणात पडलेली एक पाटी मिळाली. रजा घेतल्यासारखी बाकीची सगळी कामं बाजूला सारली आणि चार दिवस मामांचंच काम केलं. मीटर इतक्या वेळा लावला की बायको म्हणाली, त्याचीच नाडी बघताय का. स्पीकरची डबी कडेने नीट बंद केली, म्हणजे आवाज भरीव यावा. टेबलावर ते इंजिन उभ्या उभ्या लंगडायला लागलं, दोन ठोके आणि एक गाळलेला, तेव्हा माझे डोळे भरून आले. नऊ महिन्यांचा हिशेब आज मिटला, असं मला वाटलं. कसला मिटतोय!

रविवारी सकाळी इंजिन, हातातला कंट्रोलर आणि त्याचा डबा असं सगळं घेऊन मामांकडे गेलो. दार मामीने उघडलं. मामा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. टेबलावर प्लायवूडचा तुकडा, त्यावर रुळांचा लांबट गोल, आधीच मांडून, पुसून ठेवलेला. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघताच ते उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आला एकदाचा पार्ट!" सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी तारा जोडल्या, इंजिन रुळावर ठेवलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. मी कंट्रोलर मामांच्या हातात दिला, कुठे फिरवायचं ते दाखवलं आणि मागे सरकलो. मामांनी चकती हळूच फिरवली. पुढचे दिवे लागले. इंजिन निघालं.

आवाज आला नाही.

रुळांवर चाकांची जेमतेम घरघर, बस. पहिला विचार हाच की पुन्हा जळालं. नाकाने मी जळका वाससुद्धा शोधला. 'थांबा मामा' म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात मामांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! वा रे पठ्ठ्या! तेच. अगदी तेच."

हात तसाच हवेत राहिला.

कंट्रोलरकडे नजर गेली आणि उलगडा झाला. त्यावर आठ नंबरचं बटण असतं, इंजिनाचं तोंड बंद करायचं. माझ्या खोलीत इंजिन वाजत असताना फोन आला की माझं बोट आपोआप आठवर जातं. आमच्यातल्या सगळ्यांचंच जातं. सकाळी निघताना शेवटची चाचणी चालू होती, तेव्हा बायकोचा फोन आला होता. मी आठ दाबलं, बोललो आणि पुन्हा न दाबता सगळं पिशवीत भरलं. इंजिन धडधाकट होतं, फक्त मीच त्याचं तोंड बंद करून आणलं होतं.

मामा डोळे मिटून बोलत होते. "ऐक, ऐक, आता दम घेतलाय. आता ओढायला लागलं. काय टिपलंय रे!" इंजिन मुकाट्याने गोल फिरत होतं. मी मामीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

मी वाकून आठ दाबलं. एकदम खोलीभर इंजिन घुमलं, कपाटातल्या बश्या किणकिणल्या, मी स्वतः दचकलो. मामांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. डोळे मिटूनच त्यांनी वेग वाढवायला म्हणून चकती फिरवली, ती उलट फिरून शून्यावर आली, इंजिन थांबलं आणि जागच्या जागी लंगडायला लागलं. ज्या आवाजासाठी ते माझे जिने चढून आले होते तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर वाजत होता, आणि ते म्हणत होते, "बघ, आता कसं पळतंय!"

मी मामीमागे स्वयंपाकघरात गेलो. चहाचं आधण ठेवता ठेवता ती म्हणाली, "दोन महिने झाले. आता काहीच येत नाही ऐकू." ती हे नेहमीच्या आवाजात म्हणत होती, दार सताड उघडं, मामा पाच पावलांवर. मी तिला हळू बोल म्हणून खूण केली, आणि ती खूण करतानाच मला कळलं की त्या घरात आता हळू बोलायची गरज उरलेली नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"ह्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, पोराला वाईट वाटेल. तो काय कमी धडपडतोय? पार्टच येत नाही, तर तो काय करणार? परवापासून आरशासमोर बसून 'वा, वा' म्हणायची तालीम चाललीये. मी म्हटलं, अहो, नाटक कशाला? तर म्हणाले, त्याने नऊ महिने जिवाचं रान केलंय, त्याची पावती नको द्यायला?"

मी तिला सगळं सांगितलं. टेप, मीटर, फोड, दातवाला, प्रदर्शन. एप्रिलमध्ये मामांना ऐकू येत होतं, मेमध्येही येत होतं, हेही माझ्याच तोंडून सांगितलं. मामीने गॅस बारीक केला.

"एप्रिलमध्ये रेडिओ लावायचे," ती म्हणाली. "मोठ्याने लावायचे, पण ऐकायचे."

"मी त्यांना सांगतो."

"कशाला?" आता ती माझ्याकडे वळली. एवढी चिडलेली मामी मी कधी बघितली नव्हती. "सांगून तुझं हलकं होईल. त्यांचं काय होईल? नऊ महिने 'माझा भाचा, माझा भाचा' करत होते. आहे तेवढं तरी राहू दे त्यांच्याजवळ. तुला एवढं जाळतंय ना? मग जळ गुपचूप."

ती बरोबर बोलत होती, आणि तेव्हाही मला ते पटलं होतं. पण बाहेरून मामांची हाक आली, "अरे, हॉर्न कुठला? हॉर्न दाखव की!" बाहेर येऊन मी त्यांचं बोट दोन नंबरवर ठेवलं. त्यांनी दाबलं. हॉर्न असा वाजला की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी आपटली. मामांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाले, "शंभर टक्के!" ती शाबासकी मला घेता आली नाही. दातवाल्याच्या वेळी घेतली होती, पण ही घेता आली नाही.

टेबलाचा खण अर्धवट उघडा होता. आत एक पॅड होतं, मामीच्या अक्षराने भरलेलं. 'गोळी घेतली का?' 'पंखा बंद करू?' 'रविवारी येतोय तो.' मी येणार म्हणून ते खणात लपवलं असणार. मी ते बाहेर काढलं, कोरं पान उघडलं आणि मामांसमोर बसून लिहायला लागलो. पॅड बघूनच मामांचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते मामीकडे बघायला लागले. मामी दारातून म्हणाली, "मी नाही हो सांगितलं," आणि मग ते त्यांना ऐकू जाणार नाही हे आठवून नुसतीच मान हलवली.

मी आधी आठ नंबरच्या बटणाचं लिहिलं. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि खो खो हसले. "म्हणजे मी मुक्या इंजिनाला वा वा केली? शोभा झाली की माझी!" हसता हसता त्यांनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मी लिहितच होतो. पाटी जळाली, माझ्या हलगर्जीपणाने. पार्ट आला नव्हता हे खोटं. दुसरी एप्रिलमध्ये आली होती. ती मी दातांच्या एका डॉक्टरच्या इंजिनात बसवली, कारण तो गिऱ्हाईक होता आणि तुम्ही घरचे. 'माफ करा' लिहायचं होतं, पण ते दोन शब्द तिथे फारच स्वस्त दिसले असते. मी पेन खाली ठेवलं आणि पॅड त्यांच्याकडे सरकवलं.

मामांनी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. एका ओळीपाशी बोट थांबलं, परत मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. ती एप्रिलची ओळ होती. इंजिन रुळावर उभं होतं आणि वाजत होतं. मामी आणि मी ते ऐकत होतो. बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या आणि पुन्हा न लावता तसाच हातात धरून ठेवला. मी शिव्या खायला तयार होतो. खरं म्हणजे मला त्या हव्या होत्या.

"त्या डॉक्टरचं," मामांनी विचारलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता, "नीट वाजतं ना?"

"हो," मी म्हणालो.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी पॅड माझ्याकडे सरकवलं, आणि मला ते लिहून द्यावं लागलं.